वारेच्या अलीकडे आणि पलीकडे

जानेवारी २०२० मध्ये वूहानच्या झोंगनान रुग्णालयात कोरोनाची लागण झालेल्या नऊ गरोदर बायका दाखल होत्या. सगळ्यांचे दिवस भरत आलेले, सगळ्यांना न्यूमोनिया आणि सगळ्यांचं सिझर झालेलं. त्यांतल्या सहा जणींच्या वेळी डॉक्टरांनी बाळंतपण होता होताच नमुने घेतले. गर्भजल घेतलं, नाळेतलं रक्त घेतलं, बाळाच्या घशातून स्वॅब घेतला आणि पहिल्यांदा दूध आल्यावर तेही तपासलं. एकाही नमुन्यात विषाणू सापडला नाही. नऊच्या नऊ बाळं जिवंत जन्मली, एकही आई दगावली नाही. १२ फेब्रुवारीला हा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

टाकणारच. त्यांच्या डोक्यात तेव्हा दोन जुन्या साथी होत्या. २००३ मध्ये हाँगकाँगात सार्सच्या तडाख्यात सापडलेल्या बारा गरोदर बायकांपैकी तिघी गेल्या होत्या. पहिल्या तिमाहीत लागण झालेल्या सात जणींपैकी चौघींचा गर्भपात झाला होता. दुसरी आठवण त्याहून ताजी होती. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिका विषाणू आईला जेमतेम अंगावर पुरळ आणि कणकण देऊन थेट बाळाच्या मेंदूपर्यंत पोचला होता. लहान डोक्याच्या त्या बाळांचे फोटो कोणी विसरलं नव्हतं. त्यामुळे नवा विषाणू आल्यावर पहिला प्रश्न एकच विचारला गेला: हा बाळापर्यंत पोचतो का?

प्रश्न रास्त होता, पण पुढची दोन वर्षं सगळं लक्ष त्याच्यावरच खिळून राहिलं, आणि माझ्या मते या साथीतल्या बाळंतिणींची जी काही परवड झाली तिचा मोठा वाटा तिथेच सुरू होतो. बाळाचा स्वॅब निगेटिव्ह आला की संकट टळलं, असं मानलं गेलं. विषाणू मात्र आपलं काम आईच्या फुप्फुसांत, तिच्या रक्तवाहिन्यांत आणि वारेत करत होता. बाळाला हात न लावताही बाळाचं नुकसान करता येतं, हे ध्यानात यायला वेळ लागला.

हा विषाणू प्रसूतिगृहात किती बेमालूम शिरतो हे आधी न्यूयॉर्कमध्ये दिसलं. २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० या पंधरवड्यात तिथल्या दोन रुग्णालयांनी बाळंतपणासाठी येणाऱ्या प्रत्येकीची तपासणी करायचं ठरवलं. ताप-खोकला असो वा नसो. २१५ जणी आल्या. फक्त चौघींना लक्षणं होती, त्या चौघीही पॉझिटिव्ह निघाल्या. उरलेल्या, ठणठणीत दिसणाऱ्या बायकांपैकी २९ जणी पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे साधारण सातांत एक. बाळंतपण हा काही पुढे ढकलता येण्यासारखा प्रकार नाही. कळा सुरू झाल्या की रुग्णालय गाठावंच लागतं, मग शहरात टाळेबंदी असो की आणखी काही. म्हणून जिथे बाकीचे रुग्ण आजारी पडल्यावरच तपासले जात होते, तिथे प्रसूतिगृह हीच एक जागा अशी होती जिथे वरवर निरोगी दिसणारी माणसं ओळीने तपासली गेली. शहरात साथ नेमकी किती पसरली आहे, याचा अंदाज न्यूयॉर्कला या बायकांनी दिला.

पॉझिटिव्ह निघालेल्या आठांतल्या सात जणींना लक्षणं नव्हती हे वाचून बऱ्याच जणांनी ‘गरोदर बायकांना हा सौम्यच असतो’ असा निष्कर्ष काढला. तो अर्धवट खरा होता. बहुतेकींना सौम्यच झाला. ज्यांना सौम्य झाला नाही त्यांचं काय होतं, हे समजायला गरोदर शरीराकडे जरा बारकाईने पाहावं लागतं.

दिवस भरत येतात तसं गर्भाशय वर सरकतं आणि श्वासपटलाला सुमारे चार सेंटीमीटर वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती एरवीपेक्षा साधारण वीस टक्क्यांनी कमी होते. ही शिल्लक हवा म्हणजे शरीराची गंगाजळी. त्याच वेळी ऑक्सिजनचा खर्च मात्र वीसेक टक्क्यांनी वाढलेला असतो, कारण दोन जीव पोसायचे असतात. आठव्या महिन्यातली बाई जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहते ती यामुळेच. एरवी हे निभतं. अशा फुप्फुसांत न्यूमोनिया शिरला तर मात्र घसरण इतरांपेक्षा झपाट्याने होते. म्हणून गरोदर रुग्णाच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली आकडा गेला की डॉक्टर अस्वस्थ होतात. इतर रुग्णांत ९२-९३ वरही ते थोडी वाट पाहतात. बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन उतारावरून मिळतो. आईकडची पातळी थोडी जरी खाली आली तरी तो उतार सपाट होऊ लागतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. बाळंतपणात रक्तस्राव होऊन जीव जाऊ नये म्हणून निसर्गाने गरोदरपणात रक्त गोठवणारे घटक वाढवून ठेवलेले असतात. कोविडही रक्तात गुठळ्या करतो. दोन्ही एकत्र आले की पायातल्या शिरेपासून फुप्फुसापर्यंत कुठेही गुठळी अडकू शकते. म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्या बहुतेक गरोदर कोविड रुग्णांच्या पोटावर रोज हेपारिनची सुई टोचली जायची. काही जणींना ती बाळंतपणानंतरही चालू ठेवावी लागली.

आकडे यायला लागले तसं चित्र स्पष्ट होत गेलं. ब्रिटनमध्ये मॅरियन नाइट यांच्या गटाने १ मार्च ते १४ एप्रिल २०२० या काळात कोरोनासह रुग्णालयात दाखल झालेल्या ४२७ गरोदर बायकांची नोंद केली. बहुतेक जणी शेवटच्या तिमाहीतल्या. दर दहांत एकीला श्वासासाठी यंत्राचा आधार लागला आणि पाच जणी दगावल्या. त्यातला एक तपशील आपल्याला टोचावा असा आहे. दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बायका कृष्णवर्णीय, आशियाई किंवा इतर अल्पसंख्य समाजांतल्या होत्या. लंडन-लेस्टरच्या दक्षिण आशियाई घरांतल्या लेकीसुनाही त्यांतच आल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १५ ते ४४ वयोगटातल्या चार लाखांहून अधिक लक्षणं असलेल्या बायकांची तुलना प्रसिद्ध केली. गरोदर नसलेल्यांपैकी हजारी ३.९ जणींना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, गरोदर असलेल्यांपैकी १०.५ जणींना. व्हेंटिलेटर लागण्याचं प्रमाणही असंच अडीचपटीच्या पुढे. हजारात दहा हा आकडा लहान वाटेल. ज्या वर्षात लाखो गरोदर बायकांना लागण झाली, त्या वर्षात तो लहान राहत नाही.

पाठोपाठ एप्रिल २०२१ मध्ये १८ देशांतल्या ४३ रुग्णालयांचा एक अभ्यास आला. त्याची मांडणी मला विशेष आवडते. लागण झालेली एक गरोदर बाई सापडली की त्याच सुमारास त्याच रुग्णालयात आलेल्या, लागण नसलेल्या दोघींची नोंद करायची, म्हणजे रुग्णालय चांगलं-वाईट असण्याचा फरक आपोआप निघून जातो. अशा ७०६ आणि १,४२४ जणींची तुलना झाली. लागण झालेल्यांत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका सुमारे दीडपट होता. पूर्वआक्षेपक, म्हणजे रक्तदाब चढून मूत्रपिंड-यकृतापर्यंत त्रास पोचवणारा गरोदरपणातला विकार, पावणेदोनपट आढळला. मृत्यू तर लागण झालेल्यांत दर शंभरी १.६. लागण नसलेल्यांत तो जवळपास शून्य होता.

अपुऱ्या दिवसांची बाळं मात्र प्रत्येक वेळी आपणहून आधी आली नव्हती. अनेकदा आईची फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून, किंवा पोटात बाळ गुदमरतंय असं दिसल्यावर, डॉक्टरांनीच बाळंतपण उरकून घेतलं. विषाणूचा एकही कण अंगात नसलेलं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात काचेच्या पेटीत पडून आहे आणि आई दुसऱ्या मजल्यावर व्हेंटिलेटरवर, असं दृश्य त्या दोन वर्षांत मोठ्या रुग्णालयांच्या अंगवळणी पडलं होतं. अशा बाळाच्या केसपेपरवर ‘कोविड निगेटिव्ह’ लिहिलेलं असतं, पण त्याचं तिथे असणं कोविडमुळेच आहे हे कुठे नोंदवायचं?

आता वारेकडे यायला हवं. दिवस भरलेली वार साधारण अर्धा किलो वजनाची, जेवणाच्या ताटाएवढी, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची असते. गडद लाल आणि हाताला मऊसर. तिच्या आत बाळाच्या बाजूने अत्यंत बारीक फांद्यांची दाटी असते आणि त्या फांद्या आईच्या रक्तात लोंबत असतात. विहिरीच्या पाण्यात उतरलेल्या वडाच्या मुळ्या डोळ्यांसमोर आणा. बाळाचं रक्त मुळ्यांच्या आत, आईचं रक्त मुळ्यांच्या बाहेर; दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. ऑक्सिजन, साखर, प्रतिपिंडं अशा ठरावीक गोष्टींनाच मुळ्यांच्या सालीतून आत यायची मुभा. आईच्या अंगातले बरेच जंतू या सालीपाशी अडतात. कोरोनाला पेशीत शिरायला जे दोन रेणू लागतात, एसीई-२ आणि टीएमपीआरएसएस-२, ते वारेतल्या पेशींमध्ये एकत्र फारसे सापडत नाहीत. शिवाय कोरोना आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणात क्वचितच उतरतो, त्याचा मुक्काम मुख्यतः श्वसनमार्गात. त्यामुळे बहुतेक बाळं बचावली ही नशिबाची गोष्ट नव्हती. पुढे जमा झालेल्या १४,२७१ बाळांच्या माहितीत लागण झालेल्या आयांच्या बाळांपैकी १.८ टक्के पॉझिटिव्ह निघाली, आणि त्यांतल्याही अनेकांना जन्मानंतर आजूबाजूच्या माणसांकडून लागण झाली असणार.

पण कुठे कुठे साल फुटली. पॅरिसजवळच्या आंत्वान बेक्लेर रुग्णालयात मार्च २०२० मध्ये २३ वर्षांची एक गरोदर बाई ताप-खोकल्याने दाखल झाली. बाळाचे ठोके बिघडले म्हणून तातडीने सिझर झालं. तपासणीत आईच्या रक्तात विषाणू, गर्भजलात विषाणू आणि या दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त विषाणू वारेत. तिसऱ्या दिवशी बाळ चिडचिडं झालं, दूध ओढेना, अंग ताठ होऊ लागलं. पुढे ते सुधारलं. जुलैमध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि गर्भातच लागण होऊ शकते की नाही हा वाद जवळजवळ मिटला. त्याच महिन्यात पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. आरती किणीकर यांनी अशीच एक केस जाहीर केली. बाळंतपणाआधी आईला ताप येऊन गेला होता, पण तिची आरटी-पीसीआर निगेटिव्ह. बाळाचा स्वॅब मात्र पॉझिटिव्ह आला, आणि वार व नाळही पॉझिटिव्ह. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळ गंभीर आजारी पडलं, आठवडे दवाखान्यात काढून बरं होऊन आईच्या कुशीत घरी गेलं. भारतातली ही अशी पहिली नोंद. आईचा स्वॅब हाच सगळ्याचा निकाल मानला असता तर हे बाळ ‘कोविड नसलेल्या आईचं’ म्हणून गेलं असतं.

तरीही लागण झालेलं बाळ ही वारेच्या गोष्टीची लहान बाजू. मोठी बाजू २०२१ मध्ये उघडी पडली. आयर्लंडमध्ये मृत जन्मलेल्या काही बाळांच्या वारा तपासताना रोगनिदानतज्ज्ञांना एकसारखं काहीतरी दिसलं. चिरल्यावर लाल, मऊ दिसायला हवी ती वार फिकट, निबर, जागोजाग पिवळट-पांढरी. सूक्ष्मदर्शकाखाली मुळ्यांमधल्या मोकळ्या जागेत, जिथून आईचं रक्त वाहायला हवं, तिथे फायब्रिनचा घट्ट गाळ बसलेला, त्यात दाहपेशींची गर्दी, आणि मुळ्यांची साल जागच्या जागी मेलेली. पाणी आटून गाळात रुतलेल्या मुळ्यांना ऑक्सिजन मिळणार कुठून? पुढे अमेरिकेतले वारतज्ज्ञ डेव्हिड श्वार्ट्झ यांनी बारा देशांतून अशा ६८ वारा गोळा केल्या. सगळ्या मृत जन्मांच्या किंवा जन्मताच गेलेल्या बाळांच्या. सरासरी ७७.७ टक्के वार निकामी झालेली. शरीराचा एखादा अवयव तीन चतुर्थांश नष्ट व्हावा आणि बाईला जेमतेम सर्दी-ताप असावा, हे वैद्यकाला नवीन होतं. यांतल्या बहुतेक बाळांच्या मृत्यूचं कारण विषाणू बाळात शिरणं हे नव्हतं, तर पोटातच झालेली गुदमर हे होतं. विषाणूने दार ओलांडलं नाही, दारच मोडून टाकलं.

आणि याला वेळ लागत नव्हता. लागण आणि बाळाची हालचाल थांबणं यांत कित्येकदा फक्त एक-दोन आठवड्यांचं अंतर असे. म्हणून प्रसूतितज्ज्ञ कोविड होऊन गेलेल्या गरोदर बाईला सांगू लागले, ‘बाळ रोजच्यासारखं फिरतंय का ते बघा, शंका आली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी या.’ एवढ्या यंत्रांच्या काळातही पहिली खबर आईच्या हातालाच लागत होती.

वारेचा हा नाश सगळ्या काळात सारख्या प्रमाणात झाला नाही. भारतात पहिल्यांदा सापडलेला डेल्टा प्रकार आला आणि प्रमाण वाढलं. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ दरम्यानच्या साडेबारा लाख अमेरिकी बाळंतपणांच्या नोंदी सीडीसीने पाहिल्या. डेल्टाआधी कोविड असलेल्या बायकांत मृत जन्माचा धोका कोविड नसलेल्यांच्या सुमारे दीडपट होता. डेल्टाच्या काळात चौपट झाला.

महाराष्ट्राकडे या काळाची स्वतःची नोंद आहे, आणि ती चांगली आहे. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये पूर्णपणे कोविडसाठी राखीव झालं. इतर रुग्णालयांचे दरवाजे गरोदर पॉझिटिव्ह बाईला बंद होत असताना नायरमध्ये रांग लागली. सुमारे वर्षभरात तिथे कोविड असलेल्या आयांची हजारावर बाळं जन्मली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने नायर आणि राज्यातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं यांना सोबत घेऊन ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही उभारली. तिच्या आकड्यांत दोन लाटांमधला फरक असा उघडावाघडा दिसतो की पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. १,५३० गरोदर आणि बाळंतिणी. पहिल्या लाटेतल्या १,१४३ जणींपैकी लक्षणं असलेल्या १४.२ टक्के, मृत्यू ०.७ टक्के. दुसऱ्या लाटेतल्या ३८७ जणींपैकी लक्षणं असलेल्या २८.७ टक्के, मृत्यू ५.७ टक्के. आठपट. एप्रिल-मे २०२१ मध्ये या राज्यात ज्यांनी ऑक्सिजनच्या बेडसाठी फोन फिरवले असतील, त्यांना या टक्क्यांमागची धावपळ वेगळी सांगायला नको.

ज्या बायकांना विषाणू शिवलाही नाही, त्यांनीही किंमत मोजली. जून २०२० मध्ये नोएडा भागात आठ महिन्यांची गरोदर बाई तेरा तास रुग्णवाहिकेतून आठ रुग्णालयांचे उंबरे झिजवत फिरली आणि रुग्णवाहिकेतच गेली. शेजारच्या नेपाळात नऊ रुग्णालयांचा हिशेब मांडला गेला. टाळेबंदीत तिथे होणारी बाळंतपणं निम्म्यावर आली आणि मृत जन्म हजारी १४ वरून २१ वर गेले. वाहन नाही, पोलीस अडवतील, दवाखान्यात गेलं तर कोरोना होईल ही भीती, आणि गेलंच तर आधी स्वॅबचा रिपोर्ट आणा हा हेका. विषाणूच्या नावावर हे मृत्यू लिहिले जात नाहीत. लिहायला हवेत, असं मला वाटतं.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतही बाळाला वाचवायच्या नावाखाली बरंच काही घडलं. चीनमध्ये बाळाला चौदा दिवस आईपासून वेगळं ठेवलं जाई. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही एप्रिल २०२० मध्ये शक्यतो वेगळं ठेवा असाच सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीपासून उलट सांगत होती: मास्क लावा, हात धुवा आणि बाळाला पाजा. तिचं गणित सोपं होतं. नवजात बाळाला कोविड झाला तर तो बहुतेकदा सौम्य असतो. चीक दूध न मिळण्याची, आईच्या अंगाची ऊब न मिळण्याची किंमत मात्र नक्की ठाऊक आहे, आणि गरीब देशांत ती जुलाब-न्यूमोनियाच्या मृत्यूंत मोजली जाते. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १८ लागण झालेल्या आयांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले. एकात विषाणूच्या जनुकाचा अंश सापडला, वाढू शकणारा जिवंत विषाणू एकातही नाही. अठरा देशांच्या त्या अभ्यासातही स्तनपानाचा आणि बाळाच्या लागणीचा संबंध दिसला नाही. अमेरिकी संघटनेने जुलैमध्येच आपला सल्ला बदलला होता.

भारतात तज्ज्ञ संघटनांनी आई-बाळाला एका खोलीत ठेवायला मुभा दिली, तरी प्रत्यक्षात वॉर्डावॉर्डात वेगवेगळं चाललं. जिथे जमलं तिथे बाळाचा पाळणा आईच्या खाटेपासून सहा फुटांवर. पाजायच्या वेळी आई साबणाने हात धुणार, मास्क नीट बसवणार, पीपीई किटमधली सिस्टर बाळ तिच्या हातात देणार. पहिलटकरणीला बाळ छातीशी कसं धरायचं हे दाखवायला आई किंवा सासू जवळ असते, ती इथे नव्हती. चष्म्यावर वाफ धरलेल्या सिस्टरने ते दाखवलं. आणि जिथे जमलं नाही तिथे बाळ आजीकडे, भावजयीकडे घरी गेलं, पावडरचं दूध प्यायलं, आणि दहा-बारा दिवसांनी आई घरी आली तेव्हा तिचं दूध आटलेलं होतं.

लशीच्या बाबतीत हीच काळजी आणखी महाग पडली. जगात सर्वाधिक प्रमाणात लशी बनवणारा कारखाना पुण्यात. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा सरकारच्या सूचनापत्रात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस देऊ नये असं लिहिलेलं होतं. कारण खरं होतं: लशींच्या मोठ्या चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, म्हणून माहिती नव्हती. पण घेतल्या का नव्हत्या? इथे हटकून थॅलिडोमाइडचं नाव निघतं. १९६१ मध्ये बाजारातून काढून घेतलेल्या त्या गोळीमुळे हजारो बाळं अपुऱ्या हातापायांची जन्मली, तेव्हापासून गरोदर बाईला कुठल्याही चाचणीपासून लांब ठेवण्याचा शिरस्ता पडला. त्या प्रकरणाचा हा धडा मला नेहमीच उफराटा वाटत आला आहे. थॅलिडोमाइडने अनर्थ केला तो गरोदर बायकांवर चाचणी केल्यामुळे नव्हे. ती न करताच त्यांना मळमळीवर गोळी देत सुटल्यामुळे केला.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतून, स्वतःहून लस घेतलेल्या ३५ हजारांवर गरोदर बायकांची पहिली माहिती आली. धोक्याची खूण नव्हती. भारतात दुसरी लाट त्याच महिन्यात उसळलेली. अंगावर पाजणाऱ्या बायकांना १९ मे रोजी परवानगी मिळाली, गरोदर बायकांना २ जुलैला. तोवर लाट ओसरली होती. प्रेगकोविडच्या नोंदवहीतले ते ५.७ टक्के या दोन तारखांच्या आधीचे आहेत. लस आधी मिळती तर त्यांतल्या किती जणी वाचल्या असत्या हे सांगता येत नाही, पण स्कॉटलंडने दुसऱ्या बाजूचा हिशेब दिला आहे. तिथे डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ दरम्यान कोविडमुळे अतिदक्षता विभागात गेलेल्या गरोदर बायकांपैकी ९८ टक्के जणींनी लस घेतलेली नव्हती. लागणीनंतरच्या महिनाभरातल्या बाळंतपणांत जी बाळं दगावली, त्यांच्या सगळ्या आया लस न घेतलेल्या होत्या.

औषधांतही अशीच पंचाईत होती, पण तिथे डॉक्टरांनी हुशारीने वाट काढली. जून २०२० मध्ये ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे जीव वाचवणारं डेक्सामेथासोन सापडलं. प्रसूतितज्ज्ञांना ते ओळखीचं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून ते हेच इंजेक्शन आईला वर्षानुवर्षं देत आले आहेत. ते वार ओलांडतं, म्हणूनच तिथे उपयोगी. पण आईच्या कोविडसाठी दहा दिवस ते देत राहिलं तर बाळालाही उगाच मात्रा मिळत राहणार. म्हणून डेक्सामेथासोनचा हा गुण दाखवणाऱ्या ब्रिटनमधल्या चाचणीत गरोदर बायकांसाठी प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन वापरलं गेलं. त्यांचा फारच थोडा अंश वारेपलीकडे पोचतो. चाचणीत गरोदर बायकांना जागा ठेवली तर असा विचार करता येतो, याचं हे उत्तम उदाहरण.

या काळात जन्मलेली मुलं आता शाळेत जायला लागली आहेत. त्यांच्या वाढीचं काय, हा आई-बापांचा हमखास प्रश्न. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५५ बाळांची सहा महिन्यांची असताना तपासणी झाली. ज्यांच्या आयांना गरोदरपणी कोविड झाला आणि ज्यांच्या आयांना झाला नाही, त्यांच्यात फरक दिसला नाही. दोन्ही गट मिळून मात्र साथीआधी जन्मलेल्या बाळांपेक्षा हालचाल आणि सामाजिक कौशल्यांत किंचित मागे होते. घरात कोंडलेलं गरोदरपण, नोकरी जाण्याची धास्ती, भेटायला कोणी नाही, मास्कमागचे चेहरे, यांतलं नेमकं काय भोवलं ते एका अभ्यासातून ठरत नाही. मुलांचा मेंदू सहा महिन्यांवर थांबत नाही आणि असे छोटे फरक पुढे भरूनही निघतात. इतर अभ्यासांत लागण झालेल्या आयांच्या मुलांत वाढीच्या तक्रारी थोड्या जास्त आढळल्या आहेत, म्हणून बालरोगतज्ज्ञ या मुलांकडे जरा अधिक लक्ष ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांकडे तर ते ठेवायलाच हवं, कारण कोणतंही असो.

वार काय अडवते हे आपण पाहिलं. ती काय मुद्दाम पलीकडे पोचवते हेही पाहण्यासारखं आहे. आयजीजी जातीची प्रतिपिंडं ती आईकडून उचलून बाळाला देते, शेवटच्या तिमाहीत तर भरभरून. म्हणून लस घेतलेल्या आईचं बाळ काही महिने उसन्या कवचावर राहतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बालरुग्णालयांनी दाखवलं की गरोदरपणात आईने लस घेतली असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाला कोविडसाठी रुग्णालयात दाखल करावं लागण्याचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होतो. त्या वयात बाळाला स्वतःची लस देता येत नाही. आपल्याकडच्या आशाताईंना यात नवल वाटायचं कारण नाही. गावोगावच्या गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शनं त्या कित्येक वर्षं देववत आल्या आहेत, तीही याच हिशेबाने, आणि २०१५ मध्ये भारतातून बाळंतिणींचा व नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. २०२३ मध्ये तान्ह्या बाळांच्या छातीत कफ भरवणाऱ्या आरएसव्ही विषाणूवर एका लशीला अमेरिकेत मंजुरी मिळाली. ती गरोदर बाईलाच द्यायची लस आहे, बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान, आणि तिच्या चाचण्याही गरोदर बायकांवरच झाल्या.